अंबराचा जामा आणि कवंदीची फुले

शेलूबाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातले हे गाव रस्त्यावरचे. अशा गावाच्या आठवडी बाजारात कापडाच्या पालापुढे बायामाणसे टेकतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. "रंग तं नाही जाणार ना, भाऊ?" "पन्हा किती आहे?" "अन् भाव काय लावता?" एवढे झाले की घासाघीस सुरू. कापड कोणी विणले, कपडा कोणी बेतला, कोणी शिवला, हा चौथा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारायचे कारणही नसते म्हणा. पण इतिहासात डोकावले म्हणजे या न विचारलेल्या प्रश्नापाशी पुष्कळ काही दडलेले सापडते. आज मला बोलायचे आहे ते आफ्रिकी वंशाच्या, काळ्या वर्णाच्या माणसांच्या पोशाखाविषयी, आणि त्यांच्या हातातल्या कसबाविषयी.

विषय ऐकून कोणी म्हणेल, "अहो, कुठे आफ्रिका आणि कुठे आपले वऱ्हाड!" तर तसे नाही. शेलूबाजारहून पश्चिमेची वाट धरा. मालेगाव लागेल, मेहकर लागेल, पुढे सिंदखेडराजा, मग जालना; आणि सरळ गेलात की छत्रपती संभाजीनगर. हे शहर मुळात खडकी नावाचे खेडे होते. १६१० साली तेथे राजधानी वसवली ती मलिक अंबराने. हा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला काळा माणूस. आपल्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आफ्रिका येऊन राहून गेली आहे.

आधी दोन शब्दांचा खुलासा करू. अरबस्तानातले लोक इथिओपियाला 'हबश' म्हणत. तिथला तो हबशी. आणि 'सिद्दी' हा शब्द अरबीतल्या 'सय्यिदी' या शब्दाशी जोडतात, त्याचा अर्थ माझे धनी, माझे स्वामी. पहिला शब्द देशाचा, दुसरा मानाचा. पण आपल्या बोलण्यात 'हबशी' या शब्दाचे काय झाले आहे? काळ्या पोराला चिडवायचे असले की हा शब्द तोंडात येतो. गंमत अशी की पंढरीच्या विठ्ठलाला सावळा म्हणताना आपला कंठ दाटून येतो, संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेली सून घरात शोभून दिसते. पण तोच रंग माणसाच्या कातडीवर आला की आपण नाक मुरडतो आणि मुलीच्या लग्नाची काळजी करू लागतो. आजच्या विषयाची खरी अडचण या नाक मुरडण्यात आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

आता अंबराची हकीकत. त्याचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला जात तो बगदादच्या मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. मीर कासीमने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि त्याचे नाव बदलून अंबर ठेवले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे एक महागडे सुगंधी द्रव्य. त्या काळी गुलामांना अशीच नावे देत: याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन. नावे कानाला किती गोड! पण नीट पाहा, ही सारी पेठेत विकायला ठेवलेल्या मालाची नावे आहेत. हिरे-माणकांच्या आणि अत्तरांच्या यादीत माणूस बसवला की त्याचे पहिले नाव गळून पडते.

दख्खनेत अंबराला विकत घेतले ते निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. हा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. १५७४ साली इमादशाही बुडाली आणि आपले वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत सामील झाले, ते याच चंगीझखानाच्या कारभारात. वऱ्हाडचे नशीब फिरले त्या सुमारास अंबर त्याच्या पदरी एक गुलाम होता. धनी वारल्यावर धन्याच्या बायकोने त्याला मोकळे केले. मग काही काळ विजापूर, पुन्हा अहमदनगर. हाताखाली थोडे स्वार, मग पुष्कळ स्वार. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा सारे संपले असे वाटत असताना अंबराने निजामशाही घराण्यातला एक मुलगा गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि १६२६ साली मरेपर्यंत अकबर-जहांगिरांच्या फौजांना झुंजवत ठेवले. मालोजीराजे आणि शहाजीराजे याच्याच काळात निजामशाहीत चाकरीला होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईचे वर्णन कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही आले आहे. अंबराच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीचे नाव तर आपल्या मुलखात पुढे कितीतरी पिढ्या निघत राहिले.

हे राजकारण पुस्तकांत आहे. मला दाखवायचा आहे तो त्याचा पोशाख.

त्या काळच्या दरबारात पोशाख ही नुसती हौस नव्हती. सुलतान सरदाराला खिलत देई, म्हणजे मानाची वस्त्रे. आपल्याकडे आजही लग्नात, सत्कारात शेला-पागोटे देतात, त्यातलाच तो प्रकार. पण तेव्हाची खिलत म्हणजे लेखी करारासारखी होती. ती अंगावर चढवली की देणाऱ्याचे स्वामित्व मान्य केले असे ठरे. कोणी कोणता रंग घालावा, जरीचा काठ किती रुंद असावा, अंगरख्याचे बंद डावीकडे बांधावेत की उजवीकडे, यावरून माणूस ओळखला जाई. गुलामाची गोष्ट तर निराळीच. श्रीमंत धनी आपल्या गुलामांना मुद्दाम झगमगीत कपडे घाली. त्यात मान धन्याचा असे, गुलामाचा नव्हे. बैलपोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, झूल घालतो; त्याने मिरवतो कोण, बैल की बैलाचा मालक? ज्याच्या अंगावरचे कापड दुसऱ्याने ठरवलेले असते, त्याला पुढे आपला पोशाख आपण ठरवायची वेळ येते, तेव्हा तो काय निवडतो, हे पाहण्यासारखे असते.

अंबराने काय निवडले? हाशिम नावाच्या चित्रकाराने काढलेले त्याचे एक चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते १६२० च्या सुमाराचे. म्हातारपणाकडे झुकलेला, भरीव अंगाचा माणूस एका बाजूला तोंड करून उभा आहे. डोक्याला बेताचे पागोटे, अंगात पांढऱ्या तलम कापडाचा लांब जामा, कमरेला पटका, जवळ दख्खनी धाटणीची लांब सरळ तलवार. चित्र पाहिले की डोळ्यांत भरतो तो पांढरा जामा. काळ्या अंगावर ते तलम पांढरे कापड असे काही खुलते की दुसऱ्या दागिन्याची गरज उरत नाही. ज्याच्या हाती राज्याचा खजिना होता, त्याला किनखापात नखशिखान्त मढून उभे राहता आले असते. पण नीटनेटकेपणा, साधेपणा आणि भारदस्तपणा यांतच शोभा आहे, हे त्याला कळले होते, असे ते चित्र पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. जहांगीर बादशहाला अंबर शेवटपर्यंत हाती लागला नाही. त्याचा राग बादशहाने आपल्या आठवणींच्या पुस्तकात काढला आहे. अंबराचे नाव आले की त्याच्या काळ्या वर्णावरून शिवी आलीच म्हणून समजा. तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून १६१६ च्या सुमारास अबुल हसन या आपल्या आवडत्या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढवून घेतले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोवलेल्या अंबराच्या तुटक्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. खरी गोष्ट काय, तर तेव्हा अंबर धडधाकट होता आणि पुढे दहा वर्षे जगला. रणांगणात जे साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले!

या दोन चित्रांत फरक कोणता? बादशहाच्या चित्रात अंबराला धड नाही, म्हणून अंगावर वस्त्रही नाही; उरला आहे फक्त काळा चेहरा. हाशिमच्या चित्रात माणूस पायापासून डोक्यापर्यंत उभा आहे, त्याच्या अंगावर त्याचे वस्त्र आहे. माणसाला हीन ठरवायचे असले की त्याचे कपडे काढतात आणि मग रंगाकडे बोट दाखवतात. ही रीत तेव्हाचीच आहे असे समजू नका.

अंबर एकटाच होता असेही नाही. विजापूरला मुहंमद आदिलशहाच्या कारकीर्दीत, म्हणजे १६२७ ते १६५६ या काळात, इखलासखान नावाचा हबशी सरदार राज्याचा मोठा कारभारी होता. सुलतान आणि इखलासखान एकाच हत्तीवर बसले आहेत असे १६४५ च्या सुमाराचे एक चित्र आहे. हैदर अली आणि इब्राहीम खान या दोघा चित्रकारांनी ते मिळून काढले. काळ्या कारभाऱ्याला त्यांनी सुलतानाच्या पाठीशी थाटात बसवला आहे. कोकणात जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ पर्यंत नवाब म्हणून राज्य करीत होते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत सिद्दी येतो तो बहुधा शत्रू म्हणून. लढाया झाल्या, त्या खऱ्या. पण लढाईपलीकडे ही माणसे कशी राहत, काय लेवून दरबारात येत, त्यांची आवडनिवड काय होती, याचा आपण कधी विचार केला नाही.

मराठी मुलखाला हे समजणे अवघड जाऊ नये, कारण पोशाखाची लढाई आपणही लढलो आहोत. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायांना काय सांगितले? लुगडे नेसण्याची जी रीत तुमची जात चारचौघांत ओळखू आणते ती सोडा, ओळख पटवणारे ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा. ऐकणाऱ्या बायांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतले. खुद्द बाबासाहेबांचा कोट आणि टाय यांचा अर्थ वाशिम-अकोल्याकडच्या कोणत्याही वस्तीतल्या म्हातारीला विचारा, ती बरोबर सांगेल. हेच बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्या लोकांची हार्लेम वस्ती तिथून जवळच. पुढे १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले. अंगावर काय घालायचे हे दुसऱ्याने ठरवू नये, या एका गोष्टीपाशी मुंबई इलाख्यातला अस्पृश्य आणि अमेरिकेतला काळा माणूस एकाच ओळीत उभे होते.

आतापर्यंत सरदार-दरकदारांची कथा झाली. पण चित्रातल्या पांढऱ्या जाम्याचे सूत कोणी कातले? तो शिवला कोणी? ते नाव चित्रकाराने लिहिले नाही, बखरकारानेही नाही. म्हणून आता राजवाड्यातून निघून रानात जाऊ.

कर्नाटकातला उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. तिथल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात सिद्दींची खेडी आहेत. यांचे पूर्वज बहुतेक गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेले गुलाम. जाच सोसवेना तेव्हा घाट चढून रानात निघून आले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. घरात बोलतात ती कोकणी वळणाची बोली; आपल्या माणसाने कान देऊन ऐकली तर बरीच समजेल. पोट शेतमजुरीवर आणि जंगलावर. २००३ साली या जिल्ह्यातल्या सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला.

या सिद्दी बायांची कला म्हणजे कवंदी. कवंदी म्हणजे आपली गोधडीच हो, आपल्याकडे जिला वाकळ म्हणतात ती. घाटावरचा पावसाळा लांबतो, रात्री गारठा असतो, अंथरायला-पांघरायला काही तरी लागतेच. घरातली जुनी लुगडी, पोरांचे विटलेले सदरे, परकर, जे असेल ते फाडून तुकडे करतात. खाली एक जुने लुगडे पसरतात. मग बाई एका कोपऱ्याला सुई लावते आणि कडेकडेने तुकडे जोडीत, धावदोरा घालीत, फेऱ्या घेत घेत आत येते. शेवटचा तुकडा मध्यावर बसतो. आधी कागदावर नक्षी काढणे नाही, मोजपट्टी नाही. लालाशेजारी हिरवा घालायचा की पिवळा, हे तिचे डोळे ठरवतात. ख्रिस्ती बाईच्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, मुसलमान बाईच्या कवंदीत चंद्रकोर. पण एक गोष्ट साऱ्यांत सारखी: चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांचे रंगीत तुकडे एकावर एक बसवतात. त्यांना म्हणतात फुले. पांघरूण म्हणून ऊब द्यायला या फुलांचा काडीचाही उपयोग नाही. तरीही ज्या कवंदीला फुले नाहीत ती उघडी-वाघडी, अपुरी, असे या बाया मानतात.

ही गोष्ट मला फार मोठी वाटते. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई, जिच्या घरी नवे कापड वर्षातून एकदा यायची मारामार, ती रात्री चिमणीच्या उजेडात बिनउपयोगाची चार फुले शिवते. का? तर काम झाले, आता ते चांगलेही दिसले पाहिजे म्हणून. गरजेपुरते जगायचे तिने नाकारले, एवढाच त्याचा अर्थ. ठिगळ हा आपल्या भाषेत लाजेचा शब्द आहे. या बायांनी ठिगळाचाच दागिना केला.

जगाला हे अलीकडे कळू लागले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्र्यूअल या खेड्यांत येऊन राहिले. २००४ च्या सुमारास बायांची एक सहकारी मंडळी उभी राहिली आणि कवंद्या विकल्या जाऊ लागल्या. २०११ साली त्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या शॉम्बर्ग केंद्रात भरले. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून पूर्वेला नेले गेले, त्यांच्या हातची कला, ज्यांचे पूर्वज पश्चिमेला नेले गेले, त्यांच्या वस्तीत जाऊन पोचली.

त्या पश्चिमेच्या माणसांशी आपल्या वऱ्हाडचे नाते कापसाचे आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातला कापूस काळे गुलाम वेचीत आणि तो इंग्लंडच्या गिरण्यांत जाई. १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीवरूनच तिथे यादवी युद्ध पेटले, कापसाची जहाजे थांबली आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडकडे वळली. कापसाचे भाव कडाडले. १८६७ सालापर्यंत रेल्वे वऱ्हाडातून थेट नागपूरला पोचली. खामगाव, अकोला, कारंजा या कापसाच्या पेठा गजबजल्या. आपल्या बाजाराला तेजी आली, तिच्या पाठीमागे त्या काळ्या माणसांच्या बेड्या तुटण्याचा आवाज होता. जोतीराव फुल्यांना तो ऐकू आला. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले.

त्या कापसाच्या प्रदेशातच, अलाबामा राज्यात, जीज बेंड नावाचे एक खेडे आहे. जुन्या कापूसमळ्यातल्या गुलामांचे वंशज तिथे राहतात. शेतात घालून झिजलेल्या विजारी आणि सदरे फाडून तिथल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवल्या. गुडघ्यावर विटलेला निळा रंग, खिसा काढल्यावर खाली उरलेला गडद चौकोन, हेच त्यांचे रंग. २००२ साली या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या. मोठमोठे जाणकार त्यांच्यापुढे थबकून उभे राहिले. २००६ साली तर अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. हल्याळच्या बाईने जीज बेंडचे नाव ऐकलेले नव्हते, जीज बेंडच्या बाईने हल्याळचे. सुई मात्र दोघींची एकाच कारणासाठी चालत होती.

आणि आता तो चौथा प्रश्न. शिवणाऱ्या हाताचे नाव काय?

एलिझाबेथ केकली हे नाव पाहा. १८१८ साली ती अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मली. शिवणकामाच्या बळावर तिने नाव कमावले आणि १८५५ साली बाराशे डॉलर भरून स्वतःची आणि मुलाची सुटका विकत घेतली. पुढे अध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे कपडे तीच शिवीत असे. दुसरी ॲन लो. हीही अलाबामाचीच, आजी गुलामगिरीत असताना शिवण करणारी. १९५३ साली जॅकलीन बूव्हिए आणि जॉन केनेडी यांचे लग्न झाले, त्यातला नवरीचा प्रसिद्ध झगा ॲन लोने शिवला. लग्नाला दहाएक दिवस उरले असताना तिच्या कारखान्यात नळ फुटून झगा पाण्यात गेला. तिने हूं की चूं केले नाही; माणसे लावून, रात्रंदिवस खपून, पदरचे पैसे घालून तो नव्याने उभा केला. वर्तमानपत्रांनी झग्याचे रकानेच्या रकाने वर्णन छापले. कापड सांगितले, निऱ्या सांगितल्या. ॲन लोचे नाव मात्र बहुतेकांनी घातले नाही. आज त्या देशात हे चित्र पालटू लागले आहे. २०१९ साली रूथ कार्टर या काळ्या बाईंना चित्रपटाच्या वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. त्या वर्णाच्या बाईला या कामासाठी मिळालेले ते पहिलेच. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी १९८३ साली 'गांधी' चित्रपटासाठी हाच मान भारताला पहिल्यांदा मिळवून दिला होता, हे आपल्याला आठवत असेल. २०२५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काळ्या माणसांच्या पोशाखाच्या तीनशे वर्षांचे मोठे प्रदर्शन भरले. धन्याने चढवलेल्या भडक गणवेशापासून माणूस स्वतः बेतलेल्या कपड्यापर्यंत कसा आला, हीच त्याची कथा होती. चापूचा अंबर झाला आणि अंबराने पांढरा जामा निवडला, ती कथा आणि ही कथा एकच.

आपल्याकडे काय करता येईल? एक साधी गोष्ट सुचवतो. शेलूबाजारच्या घराघरांत वाकळी आहेत. कुठे आजीने शिवलेली, कुठे मजुरी देऊन शिवून घेतलेली. जिने ती शिवली तिचे नाव पुढच्या पिढीला माहीत नसते. वाकळ फाटते आणि नावही जाते. या उन्हाळ्यात अंगणात वाकळ शिवायला काढाल, तेव्हा शिवणारीला तिचे नाव विचारा आणि एका कोपऱ्यात तिच्याच हातून रंगीत दोऱ्याने ते घालून घ्या. तिला लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराने खडूने अक्षरे काढून द्यावीत, तिने त्यांवरून सुई चालवावी. आणि बाजारात कोणी कोणाला 'हबशी' म्हणून हाक मारली, तर त्याला एवढे सांगा, की बाबा, तो शब्द जरा जपून वापर. त्या नावाच्या एका माणसाने या मुलखात एक शहर वसवले आहे, आणि तू ज्या रस्त्यावर उभा आहेस तो तिकडेच जातो.